पेटीतल्या बाळाची पाचवी

आयांच्या खोलीत रडायला बंदी नाही, हे मी नव्या बाईला आल्या आल्या सांगून टाकते. बंदी दोनच गोष्टींना. मोबाईलवर मोठ्यानं बोलायचं नाही आणि दुसरीच्या बाळाचं वजन विचारायचं नाही. पहिली बंदी कुणी पाळत नाही. दुसरी मी पाळायला लावते, तेवढी माझी जीभ तिखट आहे.

मी डॉक्टर नाही आणि सिस्टरही नाही. नगरच्या एका दवाखान्यात अपुऱ्या दिवसांची बाळं काचेच्या पेटीत ठेवतात, आणि त्या विभागाला लागूनच एक लांबोडकी खोली आहे, तिथं त्यांच्या आया थांबतात. त्या खोलीतली एक प्लॅस्टिकची खुर्ची माझी. एका संस्थेनं मला तिथं बसवलं आणि मी बसले. सकाळी डबा घेऊन सिटी बसनं यायचं, संध्याकाळी घरी जायचं. माझ्या कामाला नाव भारदस्त आहे, पण काम म्हणाल तर बसायचं. दूध पिळून वाटीत कसं काढायचं ते दाखवायचं, नाही आलं तर पाठ चोळून द्यायची, पेटीपाशी जायला जी घाबरते तिच्यासोबत जायचं, आणि सासरमाहेरची माणसं फार बोलायला लागली की त्यांना चहाला पिटाळायचं. हे शेवटचं काम मला सगळ्यात चांगलं जमतं.

आत जाताना कोपरापर्यंत हात धुवायचे आणि बांगड्या काढायच्या, असा नियम आहे. हात धुवायला कुणी नाही म्हणत नाही, पण बांगड्यांवरून रोज रडारड. ओल्या बाळंतिणीनं हात मोकळे करायचे म्हणजे काय! नवरा तिकडं धडधाकट चहा पितोय आणि ही इकडं रिकाम्या मनगटांकडं बघून हुंदके देतेय. शेवटी मीच एक तोड काढली. काढलेल्या बांगड्या दोऱ्यात ओवायच्या आणि कमरेला बांधायच्या. अंगावरून उतरल्या नाहीत, फक्त हातातून खाली आल्या. ते सगळ्यांना पटलं. त्यामुळं आमच्या खोलीतली बाई उठली-बसली की तिच्या कमरेत किणकिण वाजतं.

ही पोरगी आली तेव्हा मात्र तिच्या हातात काढायला बांगड्याच नव्हत्या. उसाच्या फडात कधीच फुटून गेल्या होत्या.

ती तिसगावच्या पुढच्या एका वस्तीवरची. दिवाळीनंतर नवऱ्यासोबत ऊसतोडीला नेवाशाकडं गेलेली. सातवा महिना सरत आला तरी मोळ्या उचलत होती. फडातच कळा सुरू झाल्या, टेम्पोत घालून घोडेगावला नेलं, तिथून नगरला. मुलगा झाला, माझ्या दोन तळव्यांत मावेल एवढा. नवरा थोडे दिवस जिन्यात बसून राहिला. मग टोळी काही थांबत नाही म्हणून फडावर परत गेला. जाताना मला म्हणाला, "मावशी, तिच्याकडं बघा." मी म्हटलं, "बघते. पण फोन लावत जा. नुसता मिस कॉल नको." तो कसानुसा हसला आणि गेला.

पोरगी बोलायची कमी. मी वाटी हातात दिली, कसं काढायचं ते दाखवलं, तर कामावर बसावं तशी मांडी घालून बसली. पहिल्या दिवशी दोन-चार थेंब आले आणि वाटीच्या तळाला चिकटून राहिले. अशा वेळी बायका धाय मोकलून रडतात. ही वाटीत बघत म्हणाली, "एवढ्यात भागंल का त्याचं?"

"सध्या त्याची भूकच एवढी आहे," मी म्हटलं.

"मंग हाय की पुरं."

मला ती तिथंच आवडली.

पाचव्या दिवशी तिची सासू आली. उंच, वाळलेली, डोक्यावरचा पदर जरासुद्धा न ढळू देणारी बाई. हातात बाजाराची पिशवी. मी खुर्ची पुढं केली आणि म्हटलं, "या आजी, बसा."

"आजी म्हनू नका," ती म्हणाली. "अजून कशाची आजी? आधी टिकू द्या."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पलीकडं काचेमागं जीव धुगधुगतोय आणि ही बाई उंबऱ्यातच असं बोलते! पण सून समोर बसलेली, म्हणून मी राग गिळला.

सासूनं पिशवी उघडून एकेक वस्तू फरशीवर मांडायला सुरुवात केली. हळदीकुंकवाच्या पुड्या, मूठभर ज्वारी, पणती आणि वात, पाट्याच्या ऐवजी एक चपटा दगड, वहीतून फाडलेला कोरा कागद, एक पेन आणि धडप्यात गुंडाळलेला कोयता. ही सगळी पाचवीची तयारी. मूल जन्मलं की पाचव्या दिवशी सटवाई येते आणि त्याच्या नशिबात काय ते लिहून जाते, म्हणून तिच्यासाठी कागद-पेन ठेवायचं. वाईटसाईट काही जवळ येऊ नये म्हणून लोखंड ठेवायचं. घरात असतो विळा, ऊसतोडीच्या कोपीत, म्हणजे पाचटाच्या खोपटात, असतो कोयता.

धडपा सुटला आणि खोलीत एकच गलका झाला. गेटवरचा सिक्युरिटीवाला धावतच आला. "दवाखान्यात हत्यार? कुणी आणलं हत्यार?"

"हत्यार कशाचं रं?" सासू त्याच्यावरच डाफरली. "घरचा कोयता हाय!"

तो ऐकेना. दोन बोटांत साप धरावा तसा कोयता धरून गेटवरच्या केबिनमध्ये ठेवून आला. आम्हा सगळ्याजणींना हसू आवरेना. टाके दुखतात म्हणून एकेकीनं पोट धरलेलं, तरी हसतायत. मी म्हटलं, "सटवाईला आता गेटवर पास काढावा लागणार."

पोरगी तेवढी हसली नाही. "आत्या," ती सासूला म्हणाली, "पाचवी करायची न्हाई."

"न्हाई म्हंजे?"

"न्हाई म्हंजे न्हाई. पयल्याची केली हुती ना?"

सासूचा हात कुंकवाच्या पुडीवर तसाच राहिला. मग ती मला उद्देशून, पण सुनेला ऐकू जाईल असं बोलली, "पाचवी पाचवीलाच असती, ताई. ऱ्हायली तर ऱ्हायली. बिनपाचवीच्या पोराला कोन पोर म्हनतंय?" मी मध्ये पडले. म्हटलं, बाळाला घरी नेलं की करा, थाटात करा, मलाही जेवायला बोलवा. सासूनं सगळं पिशवीत भरलं आणि जिन्यात जाऊन बसली.

पहिल्याचं काय ते मला पोरीनंच दुपारी सांगितलं, वाटीवर नजर ठेवून, हात न थांबवता. गेल्या हंगामात कोपीतच पहिला मुलगा झाला होता. पुऱ्या दिवसांचा, चांगला गुटगुटीत. पाचवी केली, कागद ठेवला, पेन ठेवलं, उशाला कोयता ठेवला. दुसऱ्या दिवशी बाळ गेलं. कशानं गेलं ते कुणी सांगितलं नाही, सांगायला तिथं होतंच कोण?

"सटवाई आली आन लिहून गेली," ती म्हणाली. "लिहिलं म्हनून गेला त्यो. ह्याचं मी लिहूच द्यायची न्हाई. लिहिलंच न्हाई तर मरल कसा?"

मी सटवाई-बिटवाई मानत नाही. घरात कुणी असलं बोललं असतं तर मी त्याला चांगलं फैलावर घेतलं असतं. पण त्या दिवशी मी तिच्या मागं सरकून बसले. तिची पाठ चोळत राहिले.

सासूला चहा द्यायला जिन्यात गेले तेव्हा मी जरा घुश्श्यातच होते. म्हटलं, "सुनेसमोर असं बोलतात का हो? आजी म्हणवून घेतलं तर काय झिजतं का तुमचं?"

तिनं चहाचा कप दोन्ही हातांत धरला. "पयल्याला लई नाचवलं मी," ती म्हणाली. "आजीचा राजा, आजीचा सोन्या, सारा दिवस त्योच जप. फडातल्या बाया हसायच्या मला. मंग म्याच त्याला न्हाऊ घातलं, शेवटचं. आता त्यो शबुद तोंडातनं काढायची न्हाई मी." आणि कप खाली ठेवून तिनं पदरानं तोंड पुसलं. माझा राग कुठल्या कुठं गेला. तेव्हापासून मी तिला मावशी म्हणू लागले.

गावी परत जाईल असं वाटलं होतं, पण ती गेली नाही. जिन्यातल्या कोपऱ्यात तिनं बिऱ्हाडच मांडलं. पिशवी उशाला घेऊन झोपायची. कुठल्याशा नातलगाकडून बाजरीची भाकरी आणि शेपूची भाजी करून आणायची आणि सुनेपुढं ठेवून म्हणायची, "खा. दूध यायला पायजे." बाळाबद्दल चकार शब्द काढायची नाही. पण सून आत गेली की काचेला नाक लावून उभी राहायची. मी बघतेय असं दिसलं की लगेच बाजूला.

बाळानं जरा जोर धरला तसं सिस्टरनं त्याला आईच्या अंगावर द्यायचं ठरवलं. बाळाला आईच्या उघड्या छातीशी उभं धरायचं आणि वरून कापड बांधायचं, म्हणजे त्याला आईची ऊब मिळते. दवाखान्यात त्याला कांगारू म्हणतात. आता आमच्या बायकांनी कांगारू कधी बघितलंय? मी सांगते, देवळावरची माकडीण पिल्लाला धरते ना, तसं धर. ते लगेच कळतं.

पहिल्यांदा त्याला छातीवर ठेवलं तेव्हा ती श्वास रोखून बसली. मी म्हटलं, "अगं, श्वास घे. त्यालाही घेता येईल." तिनं श्वास सोडला, आणि तिच्या छातीबरोबर ते एवढंसं डोकं वर-खाली झालं. तेव्हा ती पहिल्यांदा रडली. मीही रडले, उगाच कशाला लपवू?

मग ते रोजचंच झालं. पोरगी खुर्चीत बसायची आणि खालच्या आवाजात त्याला गावाकडच्या बातम्या द्यायची. "आपली शेळी यायलीया बरं का. एक पाट हाय, एक बोकड. पाट तुझी. बोकडाचं मागनं बघू." बाकीच्या बायका चिडवायच्या, "काय गं, माकडीणबाई, आज काय बातमी?" बाळाचं वजन हळूहळू चढू लागलं. माझा नियम माझ्याच डोळ्यांदेखत मोडून सगळ्याजणी तिला वजन विचारायच्या, आणि ती सांगायचीही. मी कानाडोळा केला. बाजारातून तिच्यासाठी हिरव्या बांगड्या आणल्या, दोऱ्यात ओवून तिच्या कमरेला बांधल्या. म्हटलं, "आता तूही वाजत जा."

मला वाटलं, हा राहतोय. आशा फार वाईट. एकदा मनात शिरली की बाहेर निघत नाही.

एका सकाळी मी आले तर ती खुर्चीत नव्हती. पेटीपाशी उभी होती, हात काचेवर ठेवून. बाळानं दूध घेणं थांबवलं होतं. पोट फुगलेलं, रंग राखेसारखा. डॉक्टर म्हणाले, रक्तात जंतू गेलेत, औषध बदललंय, बघू. ते 'बघू' मी इतक्यांदा ऐकलंय की मला त्याचा अर्थ आवाजावरून कळतो.

ती दूध काढतच राहिली. सिस्टर म्हणाली, "सध्या नको, बाळाला बंद आहे." तरी काढून वाटी पेटीशेजारी नेऊन ठेवायची. मला त्या दिवसांत सगळ्यांचा राग येत होता. त्या डॉक्टरांचा, ज्यांची काहीएक चूक नव्हती. सातव्या महिन्यात बाईच्या डोक्यावर मोळी देणाऱ्यांचा. माझ्या त्या प्लॅस्टिकच्या खुर्चीचा. बसून बसून मी कुणाचं काय भलं करत होते, डोंबलाचं?

मग एका दुपारी डॉक्टर आयांच्या खोलीत आले, स्वतः, आणि तिच्यासमोर खाली बसले. म्हणाले, "आता आमच्या हातात काही उरलं नाही. त्याला तुमच्याजवळ देतो. शेवटपर्यंत तुमच्याजवळच राहू द्या."

तिला कळलं. ती माझ्याकडं वळून म्हणाली, "मावशी, आत्याला बोलवा. पाचवी करायची."

मला वाटलं पोरीच्या डोक्यावर परिणाम झाला. "अगं, तूच नको म्हणालीस ना?"

"तवा वाटलं, लिहिलं न्हाई तर ऱ्हाईल. पन त्यो चाललाय मावशी. न लिहिताच चाललाय." तिनं माझा हात धरला, असा घट्ट की माझी बोटं दुखली. "पयला गेला तर फडात सारी म्हनत्यात, हिचा पयला पोरगा गेला. ह्याला कोन पोरगा म्हननार? म्हनतील, सातव्या महिन्यात पोट खाली झालं. संपलं. पोरगा हुता ह्यो माझा. माझं दूध प्यालाय. ह्याचं काय तरी लिहू द्या. लई थोडं लिहू द्या, पन लिहू द्या."

मी जिन्याकडं पळाले. माझ्या वयाला आणि गुडघ्यांना पळणं शोभत नाही, तरी पळाले. सासूला काही समजावून सांगावं लागलं नाही. पिशवी उशाशीच होती, तशीच भरलेली. पाचवी राहिली तेव्हापासून तिनं त्यातलं काहीही बाहेर काढलं नव्हतं. मात्र उठताना ती म्हणाली, "कोयता गेटवर हाय."

मी गेटवर गेले. सिक्युरिटीवाल्याला सांगायला तोंड उघडलं आणि मला हुंदकाच आला. त्यानं केबिनमधून धडप्यातला कोयता काढला आणि माझ्या पुढं चालू लागला.

आतली मोठी सिस्टर म्हणजे आमच्याकडची सगळ्यात कडक बाई. चपला बाहेर, मोबाईल बाहेर, माणसं बाहेर. तिनं कोयत्याकडं बघितलं, पोरीकडं बघितलं. मग कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून तिनं तो कोयता मुठीपासून टोकापर्यंत पुसला. दगड धुऊन आणला. पणतीला मात्र ती नाही म्हणाली. "ऑक्सिजन आहे इथं. दिवा लावता येणार नाही." सासू पणती हातात घेऊन उभी राहिली. सिस्टरनं शेजारच्या खाटेवरचा ऊब देणारा दिवा तिच्याकडं वळवला, पिवळट-लाल उजेडाचा. "हा चालेल?"

"चालंल की," सासू म्हणाली.

सुनेला खुर्चीत बसवलं, सगळ्या नळ्या काढून बाळ तिच्या छातीवर दिलं आणि कापड बांधलं. दगड आणि कोयता स्टुलावर ठेवला. सासू पिशवीत पेन शोधत होती, सापडेना, तर डॉक्टरांनी खिशातलं काढून दिलं. कोरा कागद आणि ते पेन पोरीच्या मांडीवर, बाळाच्या पायांपाशी ठेवलं.

"दिवसाढवळ्या येती का ती?" सासू पुटपुटली. आणि मग स्वतःच म्हणाली, "येईल. न येऊन सांगंल कुनाला?"

हळद लावायला तिनं बोट पुढं केलं आणि थांबली. कपाळ एवढंसं, की तिचं बोट त्यावर मावत नव्हतं. मग तिनं ज्वारीचा एक दाणा हळदीत बुडवला आणि तो अलगद त्याच्या कपाळाला टेकवला. दुसरा दाणा कुंकवात. कपाळावर दोन ठिपके उमटले, एक पिवळा, एक लाल. पोरगी मान वाकवून ते बघत होती. "कसा दिसतोय, आत्या?" तिनं विचारलं.

"बापावानी," सासू म्हणाली.

आम्ही सगळे उभे होतो. सिस्टर, डॉक्टर, दाराशी तो सिक्युरिटीवाला. पोरगी त्याला शेळीचं सांगत होती, पाट आता गवत खायला लागली, उड्या मारती, तुझी वाट बघती. तिचा श्वास वर-खाली होत होता आणि त्याचं डोकंही. म्हणून तो कधी गेला ते मला कळलंच नाही. तिला कळलं असावं. कारण सांगता सांगता ती मध्येच थांबली, आणि तिनं पदर त्याच्या डोक्यावरून पुढं ओढून घेतला.

किती वेळ ती तशीच बसली होती. कुणीही तिला उठवलं नाही.

नंतर खोलीत आणून मी तिची छाती सुती कापडानं घट्ट बांधली. पोलकं पुढून ओलं झालेलं. दूध तर येतच होतं. ते कुणाच्या बापाचं ऐकत नाही, बाळ गेलं तरी त्याला कोण सांगणार? मी तिला सांगितलं, पिळून काढू नको, दुखलं तर थंड पाण्याची घडी ठेव, थोड्या दिवसांत आटेल. हे मी बऱ्याच जणींना सांगितलंय. तरी दर वेळी माझ्याच्यानं गाठ नीट बसत नाही. तिनं कमरेचा दोरा सोडला आणि हिरव्या बांगड्या एकेक करून हातात भरल्या. "आता हात धुवायचं काम न्हाई," ती म्हणाली.

कागद कोराच होता, तो कोराच असतो. सासूनं त्याची बारीक घडी केली आणि बाळाला गुंडाळलेल्या कापडात, त्याच्या छातीशी ठेवली. मी विणलेलं टोपडं त्याच्या डोक्यावर घातलं. मोठंच झालं ते. पुढं होईल म्हणून मोठं विणलं होतं.

नवरा फडावरून निघाला होता, गावाकडंच भेटणार होता. खाली गेटवर रिक्षा उभी केली. पोरगी माझ्या आधारानं चालत होती. सासू पुढं, दोन्ही हातांत बाळ घेऊन. गेटवर सिक्युरिटीवाला उठून उभा राहिला. सगळं त्यानं स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं होतं, पण बाहेर जाणाऱ्याला विचारायचं हा त्याचा नियम, आणि त्याला दुसरं काय बोलावं ते सुचलं नसावं. त्यानं खालच्या आवाजात विचारलं, "बाळाचं कोण?"

सासू थांबली. डोक्यावरचा पदर मागं सरकला होता, तो तिनं सावरला नाही.

"आजी," ती म्हणाली. "आजी हाय मी त्याची. पाचवी झालीया त्याची."

त्यानं पुढं होऊन रिक्षाचं कापडी दार वर धरलं.